‘आज नाही’ सांगणारी स्क्रीन

मोबाईलच्या स्क्रीनवर कोणतं बटण कुठे असावं, केवढं असावं आणि मुख्य म्हणजे असावं की नसावं, हे ठरवण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला. हे माझ्या कमलआत्याला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती मेडशीच्या घरी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझी उलटतपासणी घेतली.

“मंग बटन बनवते कोन?”

“ते प्रोग्रामर लोक बनवतात.”

“अन दाबते कोन?”

“आपण सगळे.”

“म्हंजे प्रज्ञा, तू बनवत बी नाही अन दाबत बी नाही. निस्ती सांगते.”

मी हो म्हटलं. “सरपंचासारकंच झालं मंग,” म्हणून आत्याने सूप पुन्हा हातात घेतलं. माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या पुण्याच्या कुठल्याही परिषदेत मी ऐकली नाही.

तर मी स्क्रीनची सरपंच. काम चांगलं झालं की ते कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि बिघडलं की शिव्या प्रोग्रामरला पडतात. दोन्हीकडून माझं बरंच आहे म्हणायचं. पण एका बाबतीत मी कंपनीत बदनाम होते. सगळे जण स्क्रीनवर काय घालायचं याच्या कल्पना घेऊन बैठकीला यायचे, आणि मी काय काढायचं याची. फोन माणसाच्या खिशात राहतो, तर त्याने खिशातल्या वस्तूसारखं वागावं, एवढंच माझं म्हणणं. किल्ली दिवसभर ‘मी इथे आहे’ म्हणून ओरडत नाही.

एक गिऱ्हाईक आठवतं. त्या गृहस्थांना पाणी प्यायची आठवण देणारं ॲप हवं होतं. थोड्या थोड्या वेळाने फोन वाजणार आणि स्क्रीनवर काचेचा ग्लास नाचणार. मी विचारलं, “आणि माणसाला आपोआप तहान लागली तर?” ते म्हणाले, “मॅडम, तहान लागू द्यायचीच नाही.” ॲप झालं. उद्घाटनाच्या भाषणात त्यांच्याच खिशातला ग्लास इतक्यांदा वाजला, की शेवटी त्यांनी फोन बंद करून ड्रायव्हरकडे दिला. मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल ठिपका. तुमच्या फोनवर चित्रांच्या कोपऱ्यात जो लाल ठिपका दिसतो, तो तिथे आपोआप उगवत नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, की हा माणूस शांत बसलाय, याला जरा टोचू. दिवसातून किती वेळा ॲप उघडलं यावर आमच्याकडे शाबासकी मिळते. काम झालं आणि माणसाने फोन ठेवून दिला, याची नोंद कुणी करत नाही. या ठिपक्यावरून मी साहेबांशी अनेकदा भांडले, काही वेळा जिंकले, पुष्कळदा हरले, आणि हरल्यावर घरी येऊन नवऱ्याशी भांडले.

हा स्वभाव माझ्यात आला तो मालेगावच्या एसटी स्टँडवरून असावा. मालेगाव म्हणजे आपलं वाशिम जिल्ह्यातलं. बाबा तिथे वाहतूक नियंत्रक होते. छताला टांगलेला भोंगा दिवसभर गाड्यांची नावं सांगायचा, सुटलेल्याही आणि न आलेल्याही. तो इतका बोलायचा की त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. भोंगा वाशिम गाडीचं नाव घेत असतानाच लोक बाबांच्या खिडकीशी यायचे, “साहेब, वाशिम लागली का?” मी शाळा सुटल्यावर त्या खिडकीच्या आत बसून अभ्यास करायचे आणि भोंग्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

नोकरी सोडून मी मालेगावला परत आले आणि घरूनच थोडंफार काम करू लागले. त्या हिवाळ्यात, तुरीची मळणी चालू असताना, हमीदचाचांचा निरोप आला. हमीदचाचा बाबांचे मित्र. मेडशीला रस्त्याच्या कडेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे मळणीयंत्र आहे. आमच्याकडे त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. सोयाबीन कापून सुडी लावली, की सगळ्या गावाला ते एकाच आठवड्यात हवं असतं. सुडी म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग. तो भिजला तर दाणा काळा पडतो. त्यामुळे मशीनची पाळी हा मेडशीत थट्टेचा विषय नाही.

मी दुकानात पोचले तेव्हा चाचा एका हातात वेल्डिंगची बंदूक आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभे होते.

“नाही भाऊ, मी फोन नव्हता केला. मोबाईल आपल्या मनानं वाजला. हो, हो. तुमची तब्येत ठीक?”

फोन ठेवला, लगेच पुन्हा वाजला. तेच बोलणं, फक्त भाऊच्या जागी काकू. मी स्टुलावर बसले. चहा आला, प्यायला, कप परत गेला, तरी आमचं बोलणं काही सुरू होईना.

“काय चाललंय चाचा?”

“बेटा, जावयानं ॲप बनवून देल्लं शहरातल्या मानसाकून. म्हने आता पाळीची कटकट खतम.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “पाय, काय खतम झालं ते. मी खतम झालो.”

मी पाहिलं, आणि मला पुण्याच्या बैठकीत परत बसल्यासारखं वाटलं. वर नाचणारा ट्रॅक्टर. खाली भला मोठा लाल आकडा, म्हणजे तुमचा रांगेतला क्रमांक. रांग जरा हलली की प्रत्येकाचा फोन वाजणार आणि हमीदचाचांचा हसरा फोटो येणार. बनवणाऱ्याने मन लावून बनवलं होतं, यात शंका नाही. पण एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. आमच्या भागात फोन वाजतो म्हणजे माणूस बोलावतो. त्यावर हमीदभाईंचा फोटो आला म्हणजे हमीदभाईंनीच आठवण काढली. मग उलट फोन करून “काय म्हनत व्हते भाई?” असं विचारणं हा साधा रिवाज. न विचारणारा माजलेला. अशी रांग दिवसातून पुष्कळदा हलायची, आणि दर वेळी रांगेतलं सगळं गाव अदबीने चाचांना फोन करायचं.

हे सांगताना चाचाही हसत होते. मग गजाननभाऊंचं नाव निघालं आणि त्यांनी हातातली वेल्डिंगची बंदूक खाली ठेवली.

गजाननभाऊ आणि हमीदचाचा एका बाकावर शिकलेले. नाल्याच्या वरच्या अंगाला गजाननभाऊंचं वावर, म्हणजे शेत. आदल्या सोयाबीनला आभाळ भरून आलं, तेव्हा चाचांनी नेहमीप्रमाणे मशीन आधी नाल्याकाठच्या खोलगट वावरांकडे वळवलं, कारण तिथे पाणी आधी साचतं. वर्षानुवर्षं ते असंच करायचे आणि कुणी हूं की चूं करत नसे. पण त्या हंगामात गजाननभाऊंच्या हातात आकडा होता. तो पुढे जायच्याऐवजी मागे गेला. ते भर दुकानात येऊन ओरडले, “माया नंबर कोनाले देल्ला? सांग!” चाचाही तापले. गजाननभाऊंनी दुसरीकडून मशीन आणलं आणि बोलणं टाकलं. त्यांच्या पाठोपाठ आणखी काही जण गेले. भाऊ दुकानासमोरून जाताना आता मान दुसरीकडे वळवायचे.

“आकडाच नव्हता तवा भांडन नव्हतं,” चाचा म्हणाले. “येत्या सोयाबीनले शेवटचं पाह्यतो. जमलं त जमलं, नाही त मशीन विकून टाकतो. दोस्तीत आग लावाले मशीन नाही घेतली मी.”

“ॲपच काढून टाका ना.”

“काढून पाह्यलं. लोकं म्हनतात, हमीद आता लपवून पाळी देऊन राह्यला.”

म्हणजे मागे जायचा रस्ताही बंद होता. ज्या मशीनने माझ्या बाबांच्या मेडशीच्या वावरातलं पीक काढलं, ते केवळ एका लाल आकड्यापायी गावातून जाणार, हे मला सहन होईना. मी म्हटलं, चाचा, मला थोडे दिवस दुकानात बसू द्या.

आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, नुसतं बसून राहणं. मी बसले आणि ऐकत राहिले. मशीनची पाळी ही मुळी सरळ रांग नव्हतीच. मशीन ट्रॅक्टरमागे लावून पांदण रस्त्याने, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेने, न्यावं लागतं, म्हणून ज्या अंगाला गेलं तिथली सगळी वावरं उरकूनच ते परतायचं. आभाळ आलं की खोलगट आधी. कुणाकडे मयत झाली, कुणाकडे लग्न आलं, त्यांचं मागेपुढे. हे सगळं चाचांच्या डोक्यात असायचं आणि तासातासाला बदलायचं. अशा गोष्टीला आकडा लावला की तो सारखा खोटा पडणार आणि प्रत्येकाला आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटणार.

मी पहिल्या झटक्यात, ॲप बनवणाऱ्याला सांगून, नाचणारा ट्रॅक्टर हाकलला. लाल रंग गेला, फोटो गेला, आकडा गेला, वाजणं गेलं. पांढऱ्या स्क्रीनवर काळी अक्षरं राहिली, ‘कृपया प्रतीक्षा करा.’ मला माझंच कौतुक वाटलं. इतकी शांत स्क्रीन मी पुण्यातही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेले तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सकाळपासून वावरात आहे. नाल्याकाठी गेले, तर आत्या तुरीच्या सुडीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. शेजारी डबा आणि पाण्याची कॅन.

“आत्या, इथे काय करतेस?”

“हमीदभाईनं बसाले सांगतलं ना.” तिने मला माझीच स्क्रीन दाखवली. “प्रतीक्षा करा म्हने. मंग करून राह्यली. थांबा म्हनल्यावर घरी कशी जाऊ? मशीन आलं अन मी नसली त?”

आणि ती एकटी नव्हती. मी मान वर करून पाहिलं, तर प्रत्येक सुडीशेजारी एकेक माणूस टेकून बसला होता. सगळं शिवार माझ्या स्क्रीनच्या सांगण्यावरून आज्ञाधारकपणे प्रतीक्षा करत होतं. मी आत्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, कारण दुसरं काही सुचेना.

“तुले नेमकं काय कळलं पाह्यजे, सांग बरं,” मी विचारलं. आत्याशी बोलताना माझीही भाषा घरी परतते.

“मले?” तिने विचार केला. “आज वावरात याचं का नाही, एवढं सांग. आज नसन त मी दळन घेऊन जातो, पाहुन्याकडं जातो, झोपतो. बस्स.”

झालं. इतकी वर्षं मी जे बैठकांमध्ये इंग्रजीत समजावत होते, ते आत्याला एका वाक्यात हवं होतं. माणसाला सारखं काही सांगत राहायची गरज नसते. आता लक्ष नाही दिलं तरी चालेल, एवढा भरवसा कुणी दिला तर तो बाकीचा दिवस स्वतःचा म्हणून जगतो.

नवी स्क्रीन अशी झाली. मोठ्या अक्षरांत ‘आज नाही.’ खाली बारीक अक्षरांत, ‘उद्या दुपारनंतर,’ किंवा ‘परवा सकाळी.’ फोन वाजायचा एकदाच, मशीन तुमच्या पांदणीला वळलं की. चाचांच्या फोनवर गावातल्या लोकांची नावं, आणि ‘आज’, ‘उद्या’, ‘नंतर’ असे तीन कप्पे. डोक्यात विचार आला की अंगठ्याने नाव सरकवायचं. चाचा म्हणाले, “हे त मी करतच व्हतो, आता बोटानं करून राह्यलो.” एवढं ऐकून मी निश्चिंत झाले.

जावयाने फोनवर विचारलं, “पण मॅडम, यात डिझाइन कुठे आहे?” मी त्यांना म्हटलं, तेच तर.

सोयाबीनचा हंगाम आला. सुड्या लागल्या. एका सकाळी चाचांनी मला स्क्रीन दाखवली. ‘नंतर’च्या कप्प्यात नवं नाव आलं होतं, गजाननभाऊंचं, त्यांनी स्वतःच ॲपवर टाकलेलं. ना फोन, ना निरोप. चाचांनी अंगठ्याने ते हळूच ‘उद्या’मध्ये सरकवलं.

त्याच दिवशी आभाळ भरून आलं. चाचांनी मशीन सकाळीच नाल्याकाठी पाठवलं होतं. दुपारी मला फोन, आवाज पडलेला. “बेटा, लवकर ये. सगळं बसलं.”

मी स्कूटी काढून मेडशी गाठली. चाचा दुकानासमोर येरझारा घालत होते.

“एक फोन नाही! असं आभाळ आलं अन सकाळपासून एक मानूस विचारत नाही. ॲप बंद पडलं तुयं.”

मी तपासलं. ॲप ठणठणीत होतं.

“मंग लोकं गेले. दुसरी मशीन आनली सगळ्याइनं. खतम.”

मी ॲपवर विश्वास ठेवावा की आभाळावर, कळेना. म्हटलं, चला चाचा, बसा मागे. एरवी स्कूटीवर बसायला लाजणारे हमीदचाचा टोपी धरून मुकाट बसले.

पहिलं दुकान केशकर्तनालयाचं. तिथे एक शेतकरी गळ्याभोवती कापड गुंडाळून डोळे मिटून बसलेला. चाचांनी दारातून हाक मारली, “काहून भाऊ, वावरात नाही गेले?” डोळे न उघडता उत्तर आलं, “आज नाही ना आपलं. ताडपत्री टाकली, आलो.” पुढच्या घरी कळलं, मंडळी पोहरादेवीला दर्शनाला गेली आहेत, संध्याकाळी येतील, कारण आज नाही. आत्याच्या ओट्यावर सोयाबीनची पोती रचून झाली होती आणि ती वर्तमानपत्राने वारा घेत होती.

“फोन कायले नाही केला कोनी?” चाचांनी जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारलं.

“करून काय विचारू? सकाळी वाजला, मी गेली, मशीन आलं, झालं.” मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “हमीदभाई, बसा. पानी घ्या.”

शेवटी आम्ही नाल्याच्या वरच्या अंगाला गेलो. गजाननभाऊ आपल्या सुडीवरच्या ताडपत्रीला दोरी आवळत होते. चाचा स्कूटीवरून उतरले आणि मागच्या चाकातली हवा तपासू लागले, जणू त्यासाठीच आले होते. भाऊंनी माझ्याकडेच पाहून विचारलं, “ताई, आपलं उद्या सकाळी ना?”

“हो भाऊ, उद्या सकाळी.”

“मंग ठीक हाय.” आणि दोरीची गाठ मारली. परत येताना चाचा मागून म्हणाले, “गाठ अजून बी तशीच मारतो. शाळेत दप्तराले मारायचा.”

संध्याकाळी पाऊस पडलाच. नाल्याकाठचं सगळं पीक घरात आलं होतं, वरच्या अंगाचं झाकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पांदण चिखलाची झाली आणि मशीन जाईना. चाचांनी गजाननभाऊंचं नाव पुढे सरकवलं. भाऊंच्या फोनवर आलं, ‘आज नाही. परवा दुपारनंतर.’ मी दिवसभर दुकानात बसले होते, ते येऊन ओरडतील म्हणून. ते आले नाहीत. पाऊस सगळ्यांवरच पडला होता, आणि त्यांचा नंबर कुणी घेतला नव्हता, कारण नंबरच नव्हता. परवा दुपारनंतर मशीन त्यांच्या पांदणीला वळलं, त्यांचा फोन एकदा वाजला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची मळणी उरकली.

मशीन विकायचं पुन्हा निघालं नाही. मात्र चाचांची नवी तक्रार सुरू झाली. “बेटा, दिवसभर एक फोन नाही. करमत नाही बिलकुल. एखादं तरी वाजनं ठेव की त्याच्यात.” मी म्हटलं, त्यासाठी तुम्हाला पुण्याची कंपनी धरावी लागेल.

हंगाम संपत आला, तेव्हा मी कामासाठी नव्हे, नुसती चहाची वेळ साधून दुकानात गेले होते. कामगार लोखंडी गजावर ग्राइंडर चालवत होता, ठिणग्या उडत होत्या. फोन वाजला. आम्ही दोघंही दचकलो. चाचांनी जुन्या सवयीने, नाव न पाहताच कानाला लावला.

“हं, बोला. तुमचं मशीन उद्या…”

आणि ते थांबले. पलीकडचा आवाज मोठा होता, ग्राइंडरमधूनही मला ऐकू आला.

“मशीनचं नाही रे हमीद. गजानन बोलून राह्यलो. काई काम नाही. असाच केला.”

चाचांनी तेलकट हात बनियनला पुसला, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि स्टूल ओढून बसले. मी उठले आणि कामगाराला खूण करून ग्राइंडर बंद करायला लावला.